वाढत जाणारं ऑइल

रविवार, ४

या दैनंदिनीच्या प्रकाशकाविरुद्ध माझी एक गंभीर तक्रार आहे आणि ती नोंदवल्याशिवाय मला पुढे सरकता येणार नाही. सोमवार ते शुक्रवार त्याने प्रत्येकाला अख्खं पान दिलं आहे. शनिवारने जरा आवरून बसायचं, आणि रविवारने शनिवारच्या पायाशी चार ओळींत अंग मुडपून. रविवारी माणसाच्या आयुष्यात काही घडत नाही, हा सिद्धान्त त्याने कोणत्या प्रमाणावर मांडला? प्रत्यक्ष म्हणावं तर तो आमच्या घरी कधी आलेला नाही. अनुमान म्हणावं तर हेतू दिसत नाही. राहता राहिला कागदाचा काटकसरी विचार, आणि त्याला मी संस्कृतात शिकलेल्या न्यायशास्त्रात स्थान नाही.

आज रविवार आहे आणि घडलं आहे. संपादकांचा फोन आला. आमच्या वर्तमानपत्रात ‘स्वतः करून पाहा’ असं एक सदर सुरू झालं आहे. वार्ताहराने महिनाभर एखादी गोष्ट करायची आणि निष्कर्ष छापायचा. मागच्या महिन्यात छायाचित्रकाराने गार पाण्याने अंघोळ करून पाहिली आणि आठ दिवस रजा घेतली. माझ्या वाट्याला आलं आहे ते असं : जुन्या गाडीत सिंथेटिक ऑइल घातलं तर मायलेज वाढतं का, इंजिन जास्त टिकतं का.

“तुमच्याकडे जुनी गाडी आहे ना?” संपादक म्हणाले.

माझ्याकडे नाही. माझ्या वडिलांकडे आहे. हा फरक संपादकांना किरकोळ वाटतो.

सोमवार, ५

बाबांनी छत्तीस वर्षं बस चालवली. छत्तीस वर्षांत एक ओरखडा नाही, ना बसला ना प्रवाशाला. निवृत्त झाल्यावर त्यांनी ही गाडी घेतली, तेव्हाच ती कुणीतरी वापरून सोडलेली होती. आता बाबा अठ्ठ्याहत्तर वर्षांचे आहेत आणि किल्ली अजून त्यांच्याच शर्टाच्या खिशात असते. मी गाडी चालवतो, पण मागून घेऊन. परत केल्यावर बाबा सीट पुन्हा आपल्या मापाची करतात, तेव्हा असा उसासा टाकतात की जणू मी काहीतरी विटाळून आणलं आहे.

त्यांचा दिवस या गाडीवर टांगलेला आहे. सकाळी सातला बॉनेट उघडायचं, ऑइल मोजायची काडी ओढून बघायची, काच पुसायची. मंगळवार, गुरुवार, शनिवार आईला गुडघ्यांच्या व्यायामासाठी सहा किलोमीटरवरच्या दवाखान्यात न्यायचं आणि आणायचं. उरलेल्या वेळात ते निवृत्त असतात.

“बाबा, ऑइल बदलू म्हणतो.”

“मागच्याच महिन्यात बदललंय.”

“वेगळ्या जातीचं. सिंथेटिक. थंड इंजिनात चटकन वर चढतं, काजळी धरत नाही, झीज कमी होते.”

“हे पाहून सांगतोस की वाचून?”

“वाचून.”

“मग वाच.”

आई मध्ये पडली. “घालू द्या हो त्याला. जन्मात पहिल्यांदा गाडीला हात लावतो म्हणतोय पोरगा.” पोरगा बावन्न वर्षांचा आहे.

शेवटी बाबा कबूल झाले, पण एक अट घालून. “इंजिनाला काही झालं तर दुसरी गाडी आता होणे नाही. मग मी घरात बसून काय भिंती मोजू? ते बघ.” मी बघतो म्हणालो. कुणाचा विश्वास बसलेला दिसला नाही.

बुधवार, ७

गॅरेजमध्ये गेलो. मिस्त्री बाबांना उस्ताद म्हणतो आणि मला साहेब, आणि या दोन शब्दांत त्याचं आम्हां दोघांविषयीचं मत पुरतं येतं. जुनं ऑइल काजळासारखं निघालं. नवं ओतताना मधासारखं. साडेतीन लिटर. काडीवर दोन खुणा असतात, खालची आणि वरची. ऑइल या दोन्हींच्या मध्ये हवं. मिस्त्रीने काडी बुडवून मला दाखवली. मला कोरडीच वाटली.

“तिरकी धरा. उजेड पडू द्या. नवं आहे, नितळ असतं, काळ्यासारखं झटकन दिसत नाही.”

तिरकी धरली. वरच्या खुणेला टेकून एक चकाकती रेघ दिसली.

“जुनं इंजिन आहे,” मिस्त्री म्हणाला, “सांध्यातून जरा पाझरेल कदाचित. कमी झालं तर घाबरू नका, सांगा. वर मात्र जाणार नाही.”

आधीचं मायलेज, चार वेळा टाकी भरून काढलेलं : लिटरला तेरा पूर्णांक आठ.

शनिवार, १०

चौदा पूर्णांक पाच. मी हे जेवताना जाहीर केलं. बायको शाळेत गणित शिकवते, ती म्हणाली, “एका टाकीवरून सिद्धान्त मांडू नकोस.” ती आज बाजारात जायला बसने गेली. बाबा तिच्याच वाटेने जाणार होते, सोडतो म्हणाले, तर म्हणे, “नको बाबा, मला बसच बरी वाटते.” लग्नाला चोवीस वर्षं झाली, या बाईला बसची गर्दी आवडते हे मला आज कळलं.

बाबांचं मन मात्र माझ्याविषयी वितळतं आहे. हल्ली ते सकाळी आईला वर्तमानपत्र वाचून दाखवायला सांगतात. डोळे मिटून ऐकतात. पूर्वी माझ्या बातम्या ते चष्मा नाकावर ओढून स्वतः वाचायचे आणि चुका काढायचे. आता नुसतं ऐकतात आणि मान डोलावतात. वयाबरोबर माणूस रसिक होतो.

मंगळवार, १३

काहीतरी बिनसलं आहे. आई-बाबा दवाखान्यातून परतले तेव्हा गाडीपाशी करपल्याचा वास येत होता आणि मागून निळसर धूर निघत होता. धूर दिसला की अग्नी आहे असं समजावं, हे आम्हांला पहिल्या धड्यात शिकवलं होतं. धूर निळा असेल तर काय समजावं, हे शिकवलं नाही.

मायलेज तेरा पूर्णांक एक. म्हणजे जुन्या काळ्या ऑइलपेक्षाही कमी.

काडी ओढून पाहिली. मिस्त्रीने सांगितल्याप्रमाणे तिरकी धरली. ऑइल वरच्या खुणेच्या वर आहे, चांगलं बोटभर. मी तीनदा पुसली, तीनदा बुडवली. तिन्ही वेळा बोटभर.

डाव्या दारावर एक लांब ओरखडाही दिसला. बाबांना विचारलं. म्हणाले, “फाटकाचा खांब पुढे आलाय. गवंड्याने तेव्हाच वाकडा बांधला होता.” तो खांब सोळा वर्षं उभा आहे. इतकी वर्षं दम धरून तो आत्ताच का पुढे आला असावा?

बुधवार, १४

मिस्त्रीने काडी पाहिली, नाकाशी नेली, अंगठ्यावर चोळली. कधी कधी पेट्रोल झिरपून ऑइलमध्ये मिसळतं आणि पातळी वाढते, म्हणाला. “पण वास नाही पेट्रोलचा.” मग इंजिनावर वाकून बघत राहिला. “वर ऑइल सांडलंय. ते तापून जळतंय, वास त्याचाच. माझ्या हातून सांडलं नव्हतं, साहेब.”

“मग आत वाढलं कसं?”

“जास्त झालं की आतला दांडा ऑइलमध्ये बुडून घुसळतो. फेस होतो, गाडी ओढत नाही. मायलेज त्यानेच गेलं. आता वाढलं कसं म्हणाल तर मला माहीत नाही. पस्तीस वर्षांत ऑइल पिणाऱ्या गाड्या पाहिल्या. ऑइल देणारी पहिलीच.”

त्याने जास्तीचं काढून पातळी खुणेवर आणली. मी घरी येऊन बाबांना सांगितलं की ऑइल आता बरोबर आहे. “बरोबर?” ते म्हणाले. “सकाळी बघतो.”

रविवार, १८

पुन्हा वाढलं. अर्धं बोट.

सगळ्यांना विचारून झालं. पेट्रोल पंपावरचा माणूस म्हणाला, सिंथेटिक तापलं की फुगतं. छायाचित्रकार म्हणाला, काडी चुकीच्या गाडीची असेल. संपादक म्हणाले, “अहो, आकडा द्या, अठरा ते वीस टक्के बचत असं काहीतरी.” मी म्हटलं, बचत नाही, वाढ आहे, आणि ती भलत्याच ठिकाणी आहे. बायकोला विचारलं तर तिने वह्या तपासता तपासता वर न बघता विचारलं, “गाडीला रोज हात कोण लावतं?”

“बाबा.”

“मग त्यांना विचार.”

“बाबांना काय विचारायचं? त्यांना इंजिन माझ्यापेक्षा जास्त कळतं.”

यावर तिने एका वहीवर लाल शाईने इतकी मोठी फुली मारली की त्या विद्यार्थ्याची मला दया आली.

अभावातून भाव निर्माण होत नाही. माझं संस्कृत शिक्षण एवढं तरी ठामपणे सांगतं. नसलेलं ऑइल असू शकत नाही. म्हणजे ते कुठूनतरी येतं आहे. उद्या सकाळी सातला खिडकीत उभा राहणार आहे.

सोमवार, १९

पाहिलं.

बाबांनी बॉनेट उघडलं. काडी ओढली, फडक्याने पुसली, बुडवली, पुन्हा ओढली. हात लांब करून उजेडात धरली. जवळ आणली. मान एका बाजूला वळवून डोळ्याच्या कोपऱ्यातून बघितल्यासारखं केलं. मग कोपऱ्यातल्या खोक्यामागून आपला जुना ऑइलचा डबा काढला, झाकणाचं तोंड बोटांनी चाचपलं आणि अंदाजाने कपभर ओतलं. त्यातलं थोडं आत गेलं, थोडं इंजिनावर.

मला राग आला. महिनाभराचा प्रयोग, छापून यायचा लेख, आणि माझा बाप माझ्या सिंथेटिकमध्ये गुपचूप आपलं जुनं ऑइल मिसळतो आहे, मी हरावं म्हणून. मी तसाच खाली गेलो.

“बाबा, हे काय चाललंय?”

“काडी कोरडी होती.”

“कोरडी?” मी काडी त्यांच्या हातातून घेतली, बुडवली, तिरकी करून त्यांच्यापुढे धरली. ऑइल खुणेच्या किती वर होतं ते एखाद्या पोरानेही सांगितलं असतं. “ही कोरडी आहे?”

बाबांनी काडीकडे पाहिलं. नंतर माझ्याकडे.

“हं,” म्हणाले, “आता दिसतंय.”

“तुम्हांला नवीन काही पटतच नाही. सरळ सांगा ना, की तुझं ऑइल नको.”

ते फडकं घडी करून खिशात ठेवायला लागले आणि खिसा दोनदा चुकला. मला वाटलं, ओशाळले.

आई दारात उभी होती. तिने मला आत बोलावलं आणि चहा दिला, मी मागितलेला नसताना. “त्यांना ओरडू नकोस गाडीवरून,” एवढंच म्हणाली.

उद्या त्यांच्याबरोबर दवाखान्यात जाणार आहे. वही घेऊन मागे बसेन, किलोमीटर स्वतः टिपेन. म्हणजे त्यात तरी कुणाला ढवळाढवळ करता येणार नाही. आईची वेळ पूर्वी संध्याकाळी पाचची होती. मागच्या वर्षी बाबांनी ती दुपारी बाराची करून घेतली. भर उन्हात जायची ही हौस कशासाठी, कोण जाणे.

मंगळवार, २०

आज अक्षर लागलं नाही तर माझं मलाच माफ करावं लागेल.

निघालो. बाबा दुसऱ्या गियरमध्ये, बैलगाडीच्या संथपणे. आई पुढे बसली होती आणि फाटकातून बाहेर पडल्यापासून बोलत होती. गाडीत बसलं की तिची जीभ चालू होते, यावर मी आजवर पुष्कळ विनोद केले आहेत. “डावीकडे सायकल. गेली. पुढे टेम्पो उभा आहे, जरा उजवीकडून. पुरे. आता सरळ. लाल आहे. लालच आहे. हिरवा. चला.” मी वहीत लिहिलं : आईचं धावतं समालोचन, विनोदासाठी वापरता येईल.

चौथ्या किलोमीटरला मी घड्याळ पाहिलं. एकवीस मिनिटं झाली होती. मी विचारलं, “आई, रोज एवढाच वेळ लागतो का गं?”

ती माझ्याकडे वळली. “अरे, गर्दीवर असतं ते. परवा तर—”

समोर पांढऱ्या पट्ट्यांवरून एक माणूस खांद्यावर शिडी घेऊन रस्ता ओलांडत होता. अगदी मधोमध. गाडीचा वेग तसूभरही कमी झाला नाही. मी काय ओरडलो ते आठवत नाही. बाबांनी ब्रेक दाबला, माणूस मागे उडाला, शिडी बॉनेटवर आपटली आणि घरंगळत खाली गेली.

माणूस उठला. त्याला लागलं नव्हतं, नुसती कोपरं खरचटली होती. तो खिडकीपाशी आला, म्हणाला, “झोपला होतात का, आजोबा?” मी उतरून हात जोडले. तो शिव्या देत, शिडी उचलून गेला.

मी परत आत बसलो. बाबा स्टिअरिंग धरून समोर बघत होते. आईकडे न वळता त्यांनी विचारलं,

“बोलायची का थांबलीस?”

रागाने नाही. कंडक्टर घंटी द्यायला विसरला तर ड्रायव्हर विचारेल, तसं.

“चुकले,” आई म्हणाली. “चला आता. समोर कुणी नाही.”

आणि उरलेले दोन किलोमीटर बाबांनीच गाडी चालवली. आईने एक क्षण उसंत घेतली नाही. मी त्यांना थांबवलं नाही. किल्ली मागितली नाही. मागच्या सीटवर बसून रस्त्याकडे डोळे फाडून बघत राहिलो. परतीच्या वाटेवरही तेच.

बुधवार, २१

सकाळी, बाबा उठायच्या आत, गाडी मिस्त्रीकडे नेऊन ठेवली. किल्ली शर्टातून काढली, चिठ्ठी लिहून ठेवली की काही दुरुस्ती आहे. ती बाबांना आईनेच वाचून दाखवली असणार.

दुपारी आई मटार सोलत बसली होती, बाबा सकाळीच बाहेर पडले होते. मी शेजारी बसलो.

“किती दिवस झाले?”

“दीड वर्ष.”

“डॉक्टरांना दाखवलं?”

“दोघांना. मधोमधचं पुसट झालंय म्हणे, कडेकडेचं दिसतं. हा मोतीबिंदू नाही, की काढला आणि झालं. गेलं ते येत नाही म्हणाले.”

“मला सांगायचं नाही?”

“त्यांनी शपथ घातली. म्हणाले, पोरगा पहिली किल्ली काढून घेईल.” तिने एक शेंग फोडली. “चार वळणं, एक सिग्नल. रस्ता त्यांना पाठ आहे. मी आहे ना शेजारी.”

“कालही तू होतीस, आई.”

“काल तू बोललास.”

तिचे हात काही थांबले नाहीत. थोड्या वेळाने म्हणाली, “ते सकाळी सातला उठतात ते कशाला, सांग बरं.”

बायकोला सांगितलं. तिला धक्का बसला नाही. “सहा महिन्यांपूर्वी मी एकदा मागे बसले होते. तेव्हापासून बसने जाते.”

“मग मला बोलली का नाहीस?”

“बोलले होते. बाबांचे डोळे तपासून घे म्हटलं होतं. तू म्हणालास, छत्तीस वर्षांत एक ओरखडा नाही.”

मी हे म्हणालो होतो. आठवतं आहे मला.

संध्याकाळी मिस्त्रीला फोन केला. त्याने सगळं ऑइल उपसून पुन्हा मापात भरलं आहे. खूश होता. “झाकण उघडून पाहिलं, साहेब. आत काजळीच राहिली नाही. असंच मापात ठेवलंत तर हे इंजिन अजून दहा वर्षं जाईल. कधी नेताय?”

“दोन दिवस ठेवा. सील बदलायचंय म्हणून सांगा बाबांना.”

“बदलायचंय का?”

“नाही.”

तो मग आवाज खाली आणून म्हणाला, “उस्ताद इथेच आहेत. सकाळी आठपासून बसलेत माझ्या स्टुलावर. चालत आलेत. म्हणतात, उद्या बाईंची बाराची वेळ आहे, साडेअकराला गाडी लागेल. मी काय सांगू?”

मी येतो म्हणालो, आणि त्यांना घेऊन आलो. वाटेत त्यांनी माझा दंड धरला होता. रस्ता ओलांडताना धरतात तसा. ओलांडून झाल्यावर सोडला. आम्ही शिडीवाल्याविषयी बोललो नाही. ते मिस्त्रीच्या नव्या पान्यांविषयी बोलले. मी ऐकलं.

संपादकांना कळवून टाकलं की या महिन्यात लेख नाही. कारण विचारलं तेव्हा म्हणालो, प्रयोग बिघडला. ऑइल चांगलं असावं. मला माहीत नाही. मी जे मोजत होतो ते ऑइल नव्हतं.

आता खरं लिहितो. बाबांच्या हातून कुणीतरी मरेल, याची मला भीती वाटते. उद्या साडेअकराच्या आत त्यांच्यासमोर उभं राहून, चिठ्ठी न लिहिता, सील-बील न सांगता, ‘यापुढे किल्ली माझ्याकडे’ असं म्हणायचं आहे. त्यानंतर ते सकाळी सातला उठून काय करतील, हे मला ठाऊक नाही, आणि त्यांनी माझ्याशी बोलणं सोडलं तर मी काय करेन हेही नाही. या दोन भीतींत पहिली मोठी असायला हवी. काल त्या मागच्या सीटवर ती मोठी नव्हती.